एकवीस दिवसांचा नेम

“शेवटचे एकवीस दिवस,” डॉक्टर मुळीक हातावर साबण चोळत म्हणाले, “लसूणघास बंद. एक काडीसुद्धा घालायची नाही. आणि ती कॅल्शियमची बाटली, जी हल्ली उठसूट गाभण गाईला पाजतात, तीही नको. कडबा, मुरघास आणि मोजून खुराक. खुराक मात्र रोज थोडा थोडा वाढवत न्यायचा.”

माझी धाकटी जाऊ हेमलता त्यांच्या हातावर तांब्यानं पाणी घालत होती. पाणी घालता घालता ती ओठांतल्या ओठांत सगळं पाठ करत होती, हे मला ओट्यावरून दिसत होतं. मी कापसाच्या वाती वळत बसले होते. नवरात्राची चौथी माळ होती, घरात अखंड दिवा होता आणि वाती संपत आल्या होत्या. म्हणून मी तिथं बसले होते. निदान स्वतःला तरी मी तसंच सांगितलं होतं.

“आवं डाक्टर,” सासरे म्हणाले. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. “गाभण गाय म्हंजी दोन जिवांची. तिचंच हिरवं तोडायचं? आमच्या घरात नवव्या म्हैन्यात घास, सरकी, गूळ, काय म्हनाल त्ये घालायची रीत हाय. थोरली तर आपल्या तोंडचं काढून घालती.”

“आणि थोरल्या बाईंच्या गाईची वार दर वेताला अडकते,” डॉक्टर म्हणाले. “मागच्या वेळी मीच आलो होतो ना? वासरू झाल्यावर चार दिवस ती उठता-बसता थरथरत होती.”

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान वर केली नाही. बोटांतली वात पिळून पिळून दोऱ्यासारखी झाली होती.

“असं बघा नाना,” डॉक्टरांनी टॉवेलला हात पुसले. “पाटाचं पाणी रोज दारात आलं, तर विहिरीवरची मोटर कोण चालू करून बघतं? ती गंजून बसते. मग एक दिवस पाट बंद झाला की पळापळ. गाईच्या हाडांत कॅल्शियम भरपूर असतं. पण तुम्ही रोज घासातून वरून देत राहिलात, तर हाडांतून काढून घ्यायची तिची सवय मोडते. आणि व्याली की एकदम सगळं दुधात ओढलं जातं. तेव्हा हाडांतून येत नाही, आणि गाय बसते. बसलेली गाय दोन-चार तासांत हातची जाऊ शकते.”

“कळलं,” हेमलता म्हणाली. “पाट आधीच बंद करायचा. मोटर चालू ठेवायची.”

डॉक्टर हसले. “एका वाक्यात आलं बघा.”

नानाही हसले. मी वाती उचलल्या आणि देवघरात गेले.

हे सगळं पंचवीस वर्षांपूर्वीचं. फलटणच्या बाजूला कालव्याखाली आमची वस्ती. मी लग्न होऊन आले तेव्हा दारात एक गाय होती. माझ्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, पहिल्याच महिन्यात मला तिच्यापुढं बसवलं आणि म्हणाल्या, “सगुणा, हिच्या पोटात देव हायेत. हिला घातल्याबिगर आपन घास उचलायचा न्हाय.” तेव्हापासून तो माझा नेम झाला. पहाटे उठायचं, आंघोळ करून तुळशीला पाणी घालायचं, मग ताज्या भाकरीचा पहिला तुकडा गाईला द्यायचा. गोग्रास होईपर्यंत मौन. सोमवार, गुरुवार, एकादशी हे उपास वेगळेच. आत्याबाई गेल्या, पण नेम एक दिवस चुकला नाही. चौदा वर्षं गोठा मी सांभाळला. वस्तीवरच्या बायका वसुबारसेला माझ्याच गाईच्या पूजेला यायच्या, आणि जाताना माझ्याही पाया पडायच्या.

मग हेमलता आली. धाकट्या दिरांची, रंगनाथभाऊजींची बायको. तिचे वडील दूध संकलन केंद्रावर कामाला होते. लहानपणापासून ती गाईंच्या गप्पांतच वाढलेली. माहेराहून येताना तिनं एक कालवड आणली. काळी-पांढरी, कपाळावर भाकरीएवढा पांढरा डाग. तिचं नाव कबरी. कबरी पहिल्याच वेताला बावीस लिटरवर गेली. माझी हौशी पाचव्या वेतालाही चौदाच्या वर चढली नव्हती.

मला दुधाचं वाईट वाटलं नाही. खरंच नाही. मला वाईट वाटायचं ते एका वेगळ्याच गोष्टीचं. हेमलता गोठ्यात शिरताना काहीतरी गुणगुणत यायची. अभंग नाही, आरती नाही, नुसता कसलातरी सूर. आणि तो सूर ऐकला की कबरी मान वळवायची. एक दिवस पाहिलं, तर माझी हौशीही मान वळवून तिच्याकडेच बघत होती. कालवड होती तेव्हापासून मी तिला हातानं भरवलं होतं.

नाना त्या वर्षी नवा गोठा बांधत होते. आठ गाईंचा, पत्र्याचा, सिमेंटच्या गव्हाणीचा, शेजारी पेंडीची खोली. डॉक्टर गेले त्याच दिवशी जेवताना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

“दोघीबी गाई दिवाळीच्या तोंडावर व्यायच्या. कबरी आधी, हौशी मागनं आठ-धा दिसांनी. जिची गाय बिनघोर व्याईल आन् दूध धरील, तिच्या हातात नव्या गोठ्याची किल्ली. मग दुसरीनं तिचं ऐकायचं. एका गोठ्यात दोन रीती मला नकोत.”

“नाना, किल्ली जाऊबाईंकडेच असू दे की,” हेमलता म्हणाली. “मी काय, सांगतील ते करीन.”

ती मनापासून बोलली होती. म्हणूनच मला जास्त झोंबलं. माझ्याच गोठ्याची किल्ली तिनं मला द्यावी!

दुसऱ्या दिवशी ललिता पंचमी होती. मी देवीपुढं हळदकुंकू वाहिलं आणि नेम धरला. एकवीस दिवस रोज गाभण गाईला गोग्रास घालायचा. आणि स्वतःच्या गाईला घालण्यात काय पुण्य, म्हणून दुसऱ्याच्या गाईला.

त्याच पहाटे मी लसूणघासाची एक मूठ घेऊन कबरीपुढं गेले. हेमलता शेण काढत होती.

“जाऊबाई,” तिनं फावडं खाली ठेवलं. “अहो, तिला घास नको म्हणालेत ना डॉक्टर? भाकरी द्या की. मी आता करते गरम.”

माझं मौन होतं. मी नुसती मान हलवली आणि मूठ कबरीच्या तोंडापुढं धरली. गाईनं ती एका झटक्यात ओढून घेतली.

तिनं दुपारी परत विषय काढला. मी उपासाला वरई निवडत होते.

“जाऊबाई, रागावू नका. तुमचा नेम मोडावा असं नाही माझ्या मनात. पण एवढे तीन आठवडे हौशीला घाला ना गोग्रास. आणि कबरीला कडब्याची एक काडी द्या. देव काय, कडब्याला नाही म्हणेल का?”

“देवीपुढं बोलून बसलेय गं मी,” मी म्हणाले. “हिरवा ग्रास आणि दुसऱ्याची गाय. आता फिरवलं तर माझ्या डोक्यावर पाप. मुठीनं काय होतंय?”

नाना तिथंच सुपारी कातरत होते. “धाकटे, थोरलीच्या नेमात पाय घालू नको. तिच्या नेमांवर ह्या घराचं बरं चाललंय.”

“नाही नाना,” ती म्हणाली आणि उठून गेली.

मुठीची पेंढी चौथ्या दिवशी झाली. पाचव्या दिवशी सव्वा पेंढी, कारण देवाचं काही सव्वाच्या हिशेबानं द्यावं असं आत्याबाई म्हणायच्या. दसऱ्याला पाच पेंढ्या, सणाचा दिवस म्हणून. कोजागरीला पाच. मग पाच ही नेहमीचीच झाली, सकाळी पाच आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर पाच. शेवटच्या आठवड्यात मी पदर खोचून अर्धा भारा उचलून आणायची. पण मी वळले की हेमलता गव्हाणीतला घास काढून बाजूला करते, हे माझ्या लक्षात आलं. एकदा मला तो खताच्या खड्ड्याकडेला पडलेला दिसला. देवाच्या नावानं घातलेला.

दुसऱ्या दिवशी मी तुळशीची माळ घेऊन गेले. घास टाकला आणि गव्हाणीशी टेकून जप करत उभी राहिले. कबरी चघळत होती, मी मणी ओढत होते. एकशे आठ झाले तरी गव्हाणीत काड्या उरल्या होत्या, म्हणून मी दुसरी माळ सुरू केली. शेजारच्या खुंटीवर हौशी दावं ताणून मान लांबवत होती, आणि तिच्यापुढं कडब्याची कुटी तशीच पडलेली. तिच्या डोळ्यांकडं मी बघितलं नाही. ती आहेच हावरी, असं मनात म्हणाले.

गोठ्याच्या दारात हेमलता उभी होती. हातात खुराकाचं घमेलं, वजन करून आणलेलं. ती कबरीकडं बघत होती, मग हौशीकडं बघितलं, मग माझ्या माळेकडं. मी डोळे मिटून घेतले.

“शेजारच्या पारूवहिनी विचारत होत्या,” ती हळू म्हणाली. “म्हणाल्या, तुझी जाऊ किती पुण्याची, दुसऱ्याच्या गाईपुढं दोन-दोन तास उभी असते.”

तिच्या बोलण्यात टोमणा होता का, हे मला आजही सांगता येत नाही.

एकादशीला पहाटे कबरी व्याली. कालवड झाली, आईसारखीच, कपाळावर भाकरी घेऊन. वार दुपारपर्यंत पडली नाही, ती संध्याकाळी उशिरा पडली. पण कासेत दूध असं उतरलं होतं की सड आपोआप गळत होते. रंगनाथभाऊजींनी वस्तीवर पेढे वाटले. पारूवहिनी दारातून ओरडल्या, “सगुणा, उद्या वसुबारस गं! औंदा पूजा धाकटीच्या कबरीची का? तुझी तर अजून मोकळी व्हायची हाय.”

“हो,” मी म्हणाले. “सवत्स गाय लागते. तिचीच.”

“बरं झालं. कायम तुझीच काय म्हनून?” त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत. सहज हसल्या. पण रात्री ते हसू माझ्या उशाशी होतं.

वसुबारसेला माझं मौन पूजा होईपर्यंत असतं. गाईची ओवाळणी झाली की पहिला शब्द तिच्या कानात बोलायचा, मग माणसांशी. वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहाटे मी सडा घातला, गोठ्याच्या दारात गाईच्या पावलांची रांगोळी काढायला बसले. कबरी उभी होती. तिचे मागचे पाय आत-बाहेर होत होते. जणू जमीन पोळत असावी, तसा एक पाय उचलायचा, दुसरा टेकवायचा. मी उठून तिच्या कानाला हात लावला.

कान थंड होता. दगडासारखा.

पहाटेचा गारठा आहे, मी मनात म्हणाले. दव पडलंय.

मी परत रांगोळीला बसले. आठ पावलं काढली. पुढच्या चार पावलांत हळद भरली. माझं मौन होतं.

बायका नऊच्या सुमाराला आल्या. ताम्हणं, निरांजनं, बाजरीची पिठं, गवारीची भाजी झाकून आणलेली. त्या दिवशी दूध आणि गहू कुणी खात नाही. हेमलता न्हाऊन, हिरवी साडी नेसून, कालवडीच्या गळ्यात झेंडूची माळ बांधून पुढं आली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी नजर खाली केली.

“कबरे,” ती म्हणाली. “उठ की गं. बघ कोण कोण आलंय.”

कबरी बसलेली होती. मान वळवून तिनं पोटावर टेकवली होती, झोपलेलं माणूस हातावर डोकं ठेवतं तशी. हेमलता गुणगुणली. मान वळली नाही.

ताम्हण खाली पडल्याचा आवाज झाला.

“रंगनाथ! अहो, रंगनाथ!” नवऱ्याला तिनं नावानं हाक मारलेली मी त्याच दिवशी ऐकली. “मोटारसायकल काढा! मुळीक डॉक्टरांना आणा, गाय बसली!”

पुढचा पाऊण तास मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. हेमलता पोत्यानं कबरीचं अंग चोळत होती. नाना काठी टेकून उभे होते. बायका दारात गोळा झाल्या होत्या, आणि त्यांच्या ताम्हणांतली निरांजनं एकेक करत विझत होती. पारूवहिनी पुटपुटत होत्या, “वसुबारसेला गाय गेली तर घराला कसं व्हायचं गं बाई!” मी तुळशीची माळ घट्ट धरून उभी होते. पहिल्यांदा, खरंच पहिल्यांदा, मी देवाकडं काही मागत नव्हते. मागायला तोंडच नव्हतं.

डॉक्टर आले. गाईचे डोळे बघितले, कान बघितले, बाटली टांगली आणि मानेच्या शिरेत सुई घातली. एका हातानं बाटली वर-खाली करत, दुसऱ्या हातानं नळी छातीला लावून ते ऐकत राहिले.

“घाई केली तर हृदय बंद पडेल,” ते म्हणाले. “थेंब थेंबच जाऊ दे.” आणि मग वर न बघताच विचारलं, “काय घातलं होतं हिला?”

हेमलता पोत्यानं कबरीची पाठ चोळत राहिली.

“मी एकवीस दिवसांपूर्वी इथंच उभा राहून सांगितलं होतं. कडबा आणि मोजून खुराक. तसंच केलं असतं तर तरणीताठी दुसऱ्या वेताची गाय बसते होय? खरं सांगा. लसूणघास घातलात ना?”

हेमलतानं मान वर केली. तिचे केस कपाळाला चिकटले होते, हिरव्या साडीला शेण लागलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. क्षणभरच. माझ्या ओठांकडं.

माझं मौन होतं. सगळ्यांना ठाऊक होतं की माझं मौन आहे. पूजा झाली नव्हती. एक शब्द बोलले असते तर इतक्या वर्षांचा नेम मोडला असता. आणि त्या नेमाइतकी आडोशाला उभं राहायला चांगली जागा मला आयुष्यात दुसरी मिळाली नाही.

“मीच घातला,” हेमलता म्हणाली. “हिरवं बघून राहवलं नाही. मीच घातला.”

“शिकल्यासवरल्या पोरी तुम्ही!” डॉक्टर चिडले. “तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं मला. पाट बंद, मोटर चालू! काय उपयोग?”

“चुकलं डॉक्टर.”

नानांनी काठी आपटली आणि बाहेर गेले.

बाटली अर्ध्यावर आली तेव्हा कबरीच्या मांड्या थरथरायला लागल्या. मग तिनं मोठी ढेकर दिली. कोरड्या नाकपुडीवर बारीक थेंब दिसायला लागले. दुसरी बाटली संपता संपता तिनं शेण टाकलं, पुढचे गुडघे टेकले, आणि एका हिसक्यात उभी राहिली. बायकांनी हात जोडले. पारूवहिनींनी निरांजन परत पेटवलं.

“कर गं पूजा,” त्या मला म्हणाल्या. “तुझं मौन सुटू दे.”

पूजा मीच केली. थोरली म्हणून. हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं, कालवडीच्या पायावर पाणी घातलं. मग रीतीप्रमाणे कबरीच्या कानाशी वाकले. कान आता गरम होता. आत्याबाईंनी शिकवलेला शब्द होता, माते. तो मला म्हणता आला नाही. मी नुसता श्वास सोडला आणि मागं झाले. बायकांना वाटलं मी बोलले.

त्यानंतर मला बोलता येत होतं. दिवसभर बोलता येत होतं.

हौशी पाडव्यानंतर चौथ्या दिवशी व्याली. वार तीन तासांत आपोआप पडली. इतक्या वेतांत पहिल्यांदा. कुठं थरथरली नाही, दुसऱ्याच दिवशी खाऊ-पिऊ लागली, आणि महिन्याभरात अठरा लिटरवर आली. इकडं कबरीची कास सुजली, ती बरी होता होता दूध आटलं, आणि त्या वेतात ती पंधराच्या वर गेलीच नाही. नाना तिला बाजारात न्यायला निघाले होते. हेमलता गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. “हिला नका नेऊ. हिची चूक नाही यात,” एवढंच ती म्हणाली.

नव्या गोठ्याची वास्तुशांत झाली. नानांनी पेंडीच्या खोलीची किल्ली सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवली.

“थोरलीच्या हाताला गुण हाय,” ते म्हणाले. “डाक्टरचं बी ऐकायचं आन् नेम बी पाळायचा, हे एकीलाच जमतं. धाकटीनं आता शिकून घ्यावं.”

“घेईन नाना,” हेमलता म्हणाली.

पाहुणे गेल्यावर ती नळाशी घमेली घासत होती. मी खरकटं घेऊन गेले. मला काहीतरी बोलायचं होतं, किल्ली कमरेला खोचलेली टोचत होती. ती घमेलं घासत राहिली, माझ्याकडं न बघता. आवाज नेहमीचाच, मऊ.

“जाऊबाई, एक मात्र बरं केलंत हं,” ती म्हणाली. “हौशीचा घास त्याच दिवशी बंद केलात. ललिता पंचमीलाच.”

नळ वाहत होता. तिनं घमेलं विसळलं, उपडं घातलं, आणि आत गेली.

हो. ते खरं आहे. डॉक्टरांचं बोलणं मी शब्द न् शब्द ऐकलं होतं, आणि मला ते हेमलताइतकंच कळलं होतं. दुसऱ्या पहाटे मी माझ्या हौशीच्या गव्हाणीतला लसूणघास काढून घेतला आणि तिच्यापुढं कडब्याची कुटी टाकली. काढलेला घास देवीचं नाव घेऊन कबरीपुढं नेला. माझ्याच गाईपुढचा, माझ्याच हातानं. एकवीस दिवस. डॉक्टरांनी जेवढे सांगितले होते, मोजून तेवढेच. ती दारात घमेलं घेऊन उभी राहिली होती, दोन्ही गव्हाणी बघत होती, त्या दिवशीच तिला सगळं कळलं होतं. तरी ती म्हणाली, मीच घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोग्रास देऊन नानांकडं गेले आणि किल्ली त्यांच्यापुढं ठेवली.

“ही हेमलताला द्या, नाना.”

“का गं?”

खरं कारण जिभेवर आलं होतं. नाना माझ्याकडं बघत होते, मिश्या पुसत, चहाची बशी हातात धरून. मी म्हणाले, “माझे उपासतापास, नेमधर्म. मला वेळ पुरत नाही. तिचं लक्ष गोठ्यात जास्त.”

“अशी सून कुनाला मिळत न्हाय,” नाना म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “आलेला मान दुसरीला देती. देवमानूस हाय थोरली.”

मी नमस्कार करून बाहेर आले. नाना गेले ते हेच मनात धरून गेले. त्यांच्या दहाव्यालाही ही गोष्ट कुणीतरी सांगितली. हेमलता माझ्या शेजारीच बसली होती. तिनं पदर सारखा केला.

आज गोठ्यात बावीस गाई आहेत. सगळं हेमलता बघते. कबरीची ती कालवड, तिच्या पोटच्या, त्यांच्या पोटच्या, सगळ्यांच्या कपाळावर भाकरीएवढा पांढरा डाग. माझा गोग्रास चालू आहे. भाकरीचा तुकडा, पहाटे, मौनात. कुठलीही गाय शेवटच्या एकवीस दिवसांत आली की हेमलता तिला वेगळी बांधते आणि खडूनं भिंतीवर तारीख लिहिते. त्या गाईपुढं मी भाकरीऐवजी कडब्याची एक काडी घेऊन जाते. तिनं एकदा सुचवलं होतं, तशी. देवानं आजवर नाही म्हटलेलं नाही.

आम्ही दोघी म्हाताऱ्या होत आलो. एकत्र जेवतो, एकमेकींचे पाय चेपतो, माझ्या उपासाची वरई अजून तीच शिजवते. पंचवीस वर्षांत त्या गोष्टीचा एक शब्द तिनं कुणाजवळ काढलेला नाही. माझ्याजवळही नाही.

फक्त पहाटे मी त्या वेगळ्या बांधलेल्या गाईकडं निघाले, की ती हातातलं काम थांबवते. गुणगुणणंही थांबतं. मी जवळ येईपर्यंत ती वाट बघते, आणि आधी माझ्या हातांकडं बघते, मग माझ्याकडं.